तीन पायांचें मांजर घरीं आणतांना

'दत्तक' हा शब्द आपल्या घरांत उच्चारला गेला कीं डोळ्यांपुढें येतात ते होम, भटजी, वकील आणि भाऊबंदांचीं लांबलेलीं तोंडें. मांजर दत्तक घेण्यास यांपैकीं कांहींच लागत नाहीं. एक छापील कागद, त्यावर एक सही आणि झांकणाची एक टोपली, एवढ्यावर काम भागतें. रस्त्यावर जखमी झालेल्या, आजारी पडलेल्या किंवा टाकून दिलेल्या जनावरांसाठीं हल्लीं मोठ्या शहरांतून निवारे निघालेले आहेत; तेथूनच अशीं मांजरें घरोघर जातात. परंतु सगळींच सारख्या वेगानें जात नाहींत. पिलें पहिल्यानें उचललीं जातात, त्यांच्यामागून तरुण व देखणीं मांजरें जातात, आणि एखादें तीन पायांचें मांजर, प्रकृतीनें ठणठणीत असूनहि, महिनोगणती पिंजऱ्यांतच बसून राहतें. येणारीं माणसें त्याच्यापाशीं क्षणभर थांबतात, 'अरेरे' म्हणतात आणि पुढच्या पिंजऱ्याकडे वळतात.

वरवर पाहतां यांत मांजराचें फारसें नुकसान नाहीं असें वाटेल. त्याला खावयास मिळतें, औषधपाणीहि होतें. पण जरा खोलांत शिरून पाहिलें पाहिजे. रस्त्यावरचें चार पायांचें मांजर बरें झालें कीं त्याची नसबंदी करून त्याला पुष्कळदां त्याच्या मूळच्या गल्लींत परत सोडतां येतें. तेथें त्याची ओळखीची भिंत असते, कोळणीची टोपली असते, वाटींत दूध घालणारी एखादी म्हातारी असते. तीन पायांच्या मांजराला तसें सोडून देणें म्हणजे त्याला कुत्र्यांच्या आणि मोटारींच्या स्वाधीन करणें होय. कुत्रा मागें लागला असतां भिंतीवर झेंप घेण्यास जो एक क्षण मिळतो, तो त्याला बहुधा पुरत नाहीं. तेव्हां निवाऱ्यांतून बाहेर पडण्यास इतर मांजरांना दोन वाटा आहेत. याला एकच आहे, आणि ती कोणाच्या तरी घरांत जाते. शिवाय निवाऱ्यांतले पिंजरे मोजके. एक पिंजरा वर्षभर अडून राहिला, तर तेवढ्या अवधींत त्यांत दुसरीं किती तरी जखमी जनावरें बरीं होऊन गेलीं असतीं.

आपल्याकडे जनावरांना आश्रय देण्याची कल्पना कांहीं नवी नाहीं. मुंबईचा पांजरपोळ १८३४ सालीं निघाला. जनावरांना क्रूरपणें वागविण्यास आळा घालणारी मुंबईची मंडळी १८७४ मध्यें स्थापन झाली, आणि परळ येथील बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें इस्पितळ तिच्याच आश्रयानें उभें राहिलें. परंतु पांजरपोळाची मूळ दृष्टि निराळी. तेथें आलेलें जनावर मरेपर्यंत पोसावयाचें, हा धर्म. जनावराला बरें करून नव्या घरीं पाठवावयाचें, ही कल्पना आपल्याकडे पुष्कळ मागाहून आली. विलायतेंत १८६० सालीं मेरी टीलबी नांवाच्या बाईंनीं लंडनच्या हॉलोवे भागांत हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठीं एक तात्पुरतें घर काढलें, तेव्हां तेथील 'टाइम्स' पत्रानें त्यांची यथेच्छ टर उडविली होती. हीच संस्था १८७१ सालीं बॅटरसी येथें गेली आणि आज त्याच नांवानें ओळखली जाते. मांजरांना तिचें दार उघडलें तें १८८३ सालीं, म्हणजे कुत्र्यांनंतर तेवीस वर्षांनीं. केवळ मांजरांसाठीं अशी इंग्लंडभर काम करणारी संस्था निघण्यास १९२७ साल उजाडावें लागलें. मांजराचा नंबर नेहमींच मागें; त्यांत तीन पायांच्या मांजराचा कोठें लागत असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

पाय जातो कसा, हेंहि पाहण्यासारखें आहे. सर्वांत मोठें कारण म्हणजे मोटार. थंडीच्या किंवा पावसाच्या दिवसांत मांजर उबेसाठीं उभ्या मोटारीच्या यंत्रापाशीं जाऊन निजतें आणि सकाळीं मालकानें मोटार सुरू केली कीं पट्ट्यांत सांपडतें. ज्यांच्या दारांत मोटार आहे त्यांनीं ती सुरू करण्यापूर्वीं तिच्या पुढच्या झांकणावर दोन थापा माराव्या. तेवढ्यानें एक पाय, क्वचित् एक जीवहि, वांचतो. दुसरें कारण कुत्र्याचा चावा. तिसरें, पायाला घट्ट गुंडाळला गेलेला दोरा, मग तो पतंगाचा मांजा असो कीं पोरांनीं गमतीनें अडकविलेलें रबर असो. रक्त खेळणें बंद पडलें कीं पाऊल मरतें आणि सडूं लागतें. कित्येकदां पाय वरून साबूत दिसतो, पण अपघातांत खांद्यापाशीं त्याच्या मज्जातंतूंची जुडीच उपटून आलेली असते. असा पाय नुसता लोंबतो, फरफटतो, आणि त्याला जखमेची जाणीवहि होत नाहीं. तो ठेवण्यापेक्षां काढणें बरें.

आणखी एक कारण ऐकून कित्येकांस नवल वाटेल. हजारों मांजरांत एखाद्याला, लस टोंचलेल्या जागीं पुढें कर्करोगाची गांठ येते. अमेरिकेंत या गोष्टीचा छडा लावण्यासाठीं १९९६ मध्यें पशुवैद्यांचें एक खास मंडळ नेमण्यांत आलें. पूर्वीं लस मानेच्या मागें टोंचीत, आणि तेथें गांठ आली तर ती मुळापासून काढणें अशक्यप्राय होई. तेव्हांपासून लस पायाच्या शक्य तितक्या खालच्या भागीं टोंचावी असा परिपाठ पडूं लागला. हेतु उघड आहे: गांठ आलीच तर पाय देऊन मांजर राखतां यावें. यावरून कोणीं लस टाळूं नये. ज्या रोगांपासून ती राखते त्यांनीं मरणारीं मांजरें कितीतरी अधिक. सांगावयाचें इतकेंच कीं, पशुवैद्य मांजराचा पाय ही 'देऊन टाकण्याजोगी' वस्तु समजतात, आणि ते तसें समजतात याला आधार आहे.

तो आधार मांजराच्या शरीराच्या घडणींत सांपडतो. माणसाचा हात गळ्याखालच्या आडव्या हाडानें छातीच्या पिंजऱ्याशीं सांधलेला असतो. मांजराचें हें हाड अगदीं बारीक, काडीएवढें असतें आणि तें कोठेंच पक्कें सांधलेलें नसतें. पुढचे दोन्ही पाय धडाला केवळ स्नायूंनीं बांधलेले असतात, जणू झोळींत घातलेलें धड. म्हणून पुढचा पाय काढावयाचा तर बहुधा तो खांद्याच्या फऱ्यासकट काढतात, आणि छातीचें एकहि हाड कापावें लागत नाहीं. मागचा पाय मांडीच्या वरच्या अंगाला किंवा खुब्यांतून काढतात. 'गुडघ्याखालीं थोडासा पाय ठेवला असता तर तेवढाच आधार झाला असता,' असें पाहणाऱ्यांस वाटतें. पण थोटका उरला कीं मांजर तो टेंकूं पाहतें, जमिनीवर घासून त्याची जखम करून घेतें आणि पुन्हां इस्पितळांत येतें. शस्त्रक्रिया जितकी वर, तितका पुढचा त्रास कमी. दोन-तीन महिन्यांत त्या जागीं केंस येतात आणि व्रण झांकून जातो.

तिवई तीन पायांची असते आणि कितीहि ओबडधोबड जमिनीवर ठेवली तरी ती डगमगत नाहीं. चौरंगाखालीं मात्र चवथ्या पायाशीं कागदाची घडी सारावी लागते. मांजर म्हणजे तिवई नव्हे, हें खरें. त्याला चालावयाचें असतें. उभ्या मांजराचा सुमारें साठ टक्के भार पुढच्या पायांवर असतो. त्यांतला एक गेला कीं उरलेला हळूहळू मध्यभागीं, छातीच्या बरोबर खालीं, पडूं लागतो आणि शेपूट तोल सांभाळण्यास अधिक राबतें. बहुतेक मांजरें शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांतच उठून चालूं लागतात आणि कांहीं आठवड्यांत घरभर धांवतात. ब्रिटनमध्यें पाय काढलेल्या मांजरांच्या मालकांना प्रश्न विचारून केलेली एक पाहणी २०१० सालीं 'व्हेटरिनरी रेकॉर्ड' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. आपल्या मांजराचें जगणें पूर्ववत् झालें, असेंच तींत फार मोठ्या संख्येच्या मालकांनीं कळविलें होतें.

कृत्रिम पाय कां बसवीत नाहींत, असा प्रश्न आपल्याकडे हटकून निघतो, कारण जयपूरच्या पायाचें नांव घरोघर माहीत आहे. मांजराला असा पाय बसविल्याचीं उदाहरणें आहेत. जर्सी बेटावरचें ऑस्कर नांवाचें मांजर कापणीच्या यंत्रांत सांपडून मागचीं दोन्ही पाउलें गमावून बसलें, तेव्हां इंग्लंडांतील शस्त्रवैद्य नोएल फिट्झपॅट्रिक यांनीं त्याच्या हाडांतच कृत्रिम पाउलें बसविलीं. २०१० सालीं ही बातमी जगभर गाजली. पण ऑस्करचीं पाउलें दोन गेलीं होतीं. एकच पाय गेला असतां त्या खटाटोपाची गरज पडत नाहीं. तिहींवर मांजराचें भागतें.

असें असतां 'अरेरे' कशाचें? माझ्या मतें तें आपल्या डोळ्यांचें आहे. माणसाचा पाय गेला म्हणजे त्याच्या मनांत पूर्वींच्या स्वतःचें चित्र राहतें, लोक काय म्हणतील ही टोंचणी राहते. मांजर अशी तुलना करीत बसत असेल असें त्याच्या वागण्यावरून तरी दिसत नाहीं. त्यांतच आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या मनांत आणखी एक गोष्ट असते: व्यंग असलेलें जनावर घरांत आणूं नये. खंडित मूर्ति पूजेंत ठेवीत नाहींत, तोच नियम नकळत जिवंत प्राण्यालाहि लावला जातो. पण शास्त्राकडेच बोट दाखवावयाचें तर तें मांजराच्या बाजूचें आहे. मांजर मारणाऱ्यास मनुस्मृतींत प्रायश्चित्त सांगितलेलें आहे. आणि मुलांची रक्षण करणारी जी षष्ठी, तिचें वाहन बंगाल्यांत मांजर मानतात. त्याचे पाय मोजून घ्यावे असें मात्र कोठें सांगितलेलें माझ्या पाहण्यांत नाहीं.

माझ्या परिचयाचें पुण्यांत एक मोठें कुटुंब आहे. धाकट्या सुनेनें अशी एक मांजरी पाहून ठेविली आणि घरांत विषय काढला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, चार पोरें घरांत दिवसभर धुडगूस घालतात. त्यांच्या पायांखालीं हें जनावर आलें म्हणजे? आपण पुण्य करायला जायचं आणि पाप पदरांत पडायचं!" हा आक्षेप मला व्यंगाच्या आक्षेपाहून फार शहाणपणाचा वाटतो. सून म्हणाली, "आई, आठ दिवस मामंजींच्या खोलींत ठेवूं या. तिथं पोरं फारशीं फिरकत नाहींत. नाहीं जमलं तर परत नेऊन देईन." निवारेवाले असें परत घेतात, किंबहुना कागदावर तशी अटच असते. मामंजी गुडघ्यांच्या दुखण्यामुळें काठीवांचून चालत नाहींत आणि दिवसाचा बराच वेळ बैठ्या आरामखुर्चींत वाचीत असतात. मांजरीला ती खुर्ची चढण्याजोगी वाटली. चवथ्या दिवशीं ती त्यांच्या पायांशीं येऊन निजली. "हिला तीन, आणि काठी धरून मलाहि तीनच," असें म्हणून त्यांनीं परत नेण्याची गोष्ट मोडीत काढली. मुलांनीं तिचें नांव तिवई ठेवलें. सासूबाई तिला मनीच म्हणतात. पोरांच्या पायांखालीं ती एकदांहि आली नाहीं, कारण पोरें धांवत आलीं कीं ती त्यांच्या आधीं कपाटाखालीं पोहोंचलेली असते.

आतां खऱ्या अडचणीकडे वळूं. अशा मांजराच्या बाबतींत उणें असतें तें पायापेक्षां बाहेरच्या जगाचें. आपल्या जुन्या वाड्यांतलीं मांजरें दूधभातावर वाढलीं, असें आपण समजतों आणि मोठ्या अभिमानानें सांगतों. वस्तुतः तीं वाढलीं तीं माळ्यावरच्या उंदरांवर, भिंतीवरच्या पालींवर आणि शेजारच्या आळीतल्या माशांच्या कांट्यांवर. दूधभात ही त्यांची आपल्याशीं नातें राखण्याची युक्ति होती. तीन पायांचें मांजर घरांत कोंडून ठेवावयाचें म्हणजे ही बाहेरची पंगत बंद. मग जें कांहीं त्याच्या पोटांत जाईल तें सर्व आपल्या हातचें, आणि येथें शाकाहारी घराची कसोटी लागते.

मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. कुत्रा भाकरीवर निभावतो. मांजर निभावत नाहीं. टॉरिन नांवाचें एक द्रव्य मांजराला अन्नांतूनच मिळावें लागतें, आणि धान्यांत किंवा भाज्यांत तें जवळजवळ नसतें. तें न मिळाल्यास डोळ्यांचा पडदा झिजून मांजर आंधळें होतें, हें १९७५ सालीं सिद्ध झालें. आणि त्याच उणिवेनें हृदय सैल पडून मांजर दगावतें, हें १९८७ सालीं अमेरिकेंतील पॉल पायन या पशुवैद्य-संशोधकानें दाखवून दिलें. गाजर खाऊन आपल्याला जें 'अ' जीवनसत्त्व मिळतें, तें मांजराला मिळत नाहीं; गाजरांतील द्रव्यापासून तें बनविण्याची शक्ति त्याच्या शरीरांत नाहीं. दुधाचें म्हणाल, तर पुष्कळशा वाढलेल्या मांजरांना दुधांतील साखर पचत नाहीं व त्यांचें पोट बिघडतें. तेव्हां ज्या घरांत मांजरासाठींहि मांसाचें अन्न येऊं द्यावयाचें नाहीं असा निश्चय आहे, त्या घरानें हें मांजर आणूं नये. यांत कमीपणा कांहीं नाहीं. अन्नाचा नियम पाळणें आणि मांजर पाळणें या दोहोंपैकीं एक निवडणें प्रामाणिकपणाचें आहे; मांजराला दूधभातावर दोन वर्षें ठेवून आंधळें करणें तसें नाहीं. पुष्कळ घरांनीं मधला मार्ग काढला आहे. बाजारांत मिळणारें दाणेदार कोरडें अन्न, त्याचा निराळा डबा, निराळी वाटी आणि गॅलरीचा एक कोपरा, अशी व्यवस्था केली कीं स्वयंपाकघराचा त्याच्याशीं संबंध येत नाहीं. मात्र हा प्रश्न मांजर आणण्यापूर्वीं घरांतील वडील माणसांशीं बोलून मिटवावा, मागाहून लपवाछपवी करूं नये.

अन्न किती द्यावें, हाहि प्रश्न नाजुक आहे, आणि एकत्र कुटुंबांत अधिकच. घरांत दहा माणसें, प्रत्येकाला त्या बिचाऱ्या जनावराची दया येणार, आणि प्रत्येकजण चिमूटभर घालणार. साधारण मांजर चार किलो वजनाचें असतें. त्यावर अर्धा किलो चढला म्हणजे साठ किलोच्या माणसावर साडेसात किलो चढल्यासारखें झालें. आणि तो भार येथें चार पायांऐवजीं तिहींवर पडतो. उतार वयांत सांधे आखडण्याची भीति अशा मांजराला मुळांतच अधिक, तींत लठ्ठपणाची भर नको. खावयास घालण्याचें काम घरांतील एकाच माणसाकडे द्यावें आणि महिन्यांतून एकदां वजन करावें. तें अवघड नाहीं. प्रथम मांजर घेऊन कांट्यावर उभें राहावें, मग एकट्यानें, आणि वजाबाकी करावी. मुलांना हें काम फार आवडतें.

घरांत फेरफार करावे लागतात ते थोडे. आजकालच्या गुळगुळीत फरशीवर तीन पायांचें मांजर वळणावर घसरतें; त्याच्या नेहमींच्या वाटेवर सतरंजीची पट्टी किंवा काथ्याची चटई अंथरली कीं झालें. मागचा पाय नसेल तर वर उडी मारण्याचा जोर कमी पडतो. पलंगापाशीं एखादी ट्रंक किंवा मोडा ठेवावा. पुढचा पाय नसेल तर अडचण उलट, चढणें सोपें आणि उतरणें कठीण, कारण उडीचा सगळा धक्का एकाच पायावर येतो. तोच मोडा येथेंहि उपयोगीं पडतो. वाळूची परात कमी कांठाची असावी आणि वाळू बारीक. पुढचा उजवा पाय नसलेलें मांजर तोंडाची उजवी बाजू धुवूं शकत नाहीं, ती आपण ओल्या फडक्यानें पुसावी. मागचा पाय नसेल तर त्या अंगाचा कान त्याला खाजवतां येत नाहीं. मान वांकडी करून तें खाजवूं लागतें, मांडीचा उरलेला भाग भराभर हवेंत हालतो, आणि कान तसाच राहतो. अशा वेळीं पुस्तक बाजूला ठेवून आपण बोटानें तो कान खाजवावा. ज्यांना मांजराचा लळा आहे त्यांना हें काम सांगावें लागत नाहीं.

उंच इमारतींत राहणाऱ्यांनीं खिडक्यांकडे मात्र कटाक्षानें लक्ष द्यावें. पडतें मांजर हवेंतच वळून पायांवर कसें येतें, याचीं छायाचित्रें फ्रेंच शास्त्रज्ञ मारे यानें १८९४ मध्येंच घेऊन दाखविलीं होतीं. त्या वळण्याचें मुख्य साधन पाठीचा लवचिक कणा असल्यामुळें, मांजर पडलें तरी त्याला कांहीं होत नाहीं अशी लोकांची समजूत झाली आहे. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या पशु-इस्पितळांत पांच महिन्यांत इमारतींवरून पडलेलीं १३२ मांजरें आणण्यांत आलीं. त्यांची हकीकत १९८७ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांतलीं शेंकडा नव्वद वांचलीं. या आंकड्यानें पुष्कळ लोक हुरळले. पण जीं जागींच मेलीं तीं इस्पितळांत कोण आणणार? आणि जीं वांचलीं त्यांतल्या पुष्कळांच्या छातींना, जबड्यांना व पायांना जबर दुखापती होत्याच. ज्याचा एक पाय आधींच गेलेला आहे, त्याचा दुसरा मोडला तर पुढें करण्यासारखें फार थोडें उरतें. गॅलरीला आणि खिडक्यांना जाळी बसविल्यावांचून मांजर आणूं नये.

दोन गोष्टी औषधपाण्याच्या. मांजर लंगडूं लागलें, कण्हूं लागलें, कीं घरांतील कोणीतरी दयेनें पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधांत घालतो. असें कधींहि करूं नये. हें औषध पचवून बाहेर टाकण्याची जी शक्ति माणसाच्या यकृतांत आहे ती मांजराच्या यकृतांत जवळजवळ नाहीं. त्याचें रक्त तपकिरी होतें, हिरड्या काळवंडतात, आणि एका गोळीनें तें मरूं शकतें. तीन पायांचें मांजर लंगडण्याचा प्रसंग अधिक, म्हणून येथें मुद्दाम लिहिलें.

दुसरी गोष्ट घरांतील सुनांची. सून गरोदर राहिली कीं मांजर बाहेर, हा प्रकार शिकलेल्या घरांतहि चालतो, आणि निवाऱ्यांत परत येणाऱ्या मांजरांमागें हें कारण वरचेवर असतें. ज्या रोगाची भीति, तो टॉक्सोप्लाझ्मा नांवाच्या सूक्ष्म जीवानें होतो, आणि पोटांतल्या मुलाला त्यापासून धोका आहे हें खरें. परंतु मांजराच्या विष्ठेंतून हे जीव बहुधा आयुष्यांत एकदांच, पहिल्या संसर्गानंतर एक-दोन आठवडेच पडतात, आणि पडल्यावर बाधण्याजोगे होण्यास त्यांना निदान एक दिवस लागतो. म्हणून परात रोजच्या रोज साफ केली आणि तें काम गरोदर बाईनें न करतां दुसऱ्या कोणीं केलें, तर भीति फारच थोडी राहते. सदा घरांत राहणाऱ्या व कच्चें मांस न खाणाऱ्या मांजराला तर तो संसर्ग सहसा होतच नाहीं. उलट न धुतलेल्या भाज्यांतून व मातींतून तो माणसाला होऊं शकतो. डॉक्टरांना विचारावें, त्यांच्या सांगण्याप्रमाणें तपासणी करून घ्यावी. जेथें दहा माणसें आहेत तेथें नऊ महिने परात साफ करण्यास दुसरा हात मिळूं नये, असें होणार नाहीं. दीर किंवा नवरा हें काम करील तर उत्तमच.

मांजर पसंत पडल्यावर कागदावर सही करण्यापूर्वीं निवाऱ्यांतील पशुवैद्याला कांहीं प्रश्न मोकळेपणानें विचारावे. पाय केव्हां व कशामुळें काढला? अपघात असेल तर कमरेच्या हाडांना किंवा मूत्राशयाला इजा झाली होती काय? उरलेल्या पायांचीं क्ष-किरण चित्रें काढलीं आहेत काय? गांठ म्हणून पाय काढला असेल तर ती पुन्हां उद्भवण्याचा संभव किती? नसबंदी व लशी झाल्या काय? आजचें वजन किती? हीं उत्तरें एका वहींत उतरून ठेवावीं. घरांत नीट सांभाळलेलें मांजर बारा-पंधरा वर्षें जगतें. तोंपर्यंत घरांतील एखादें मूल शिकावयास परगांवीं गेलेलें असेल आणि ही वही दुसऱ्या कोणाच्या तरी हातीं येईल.

आणावयास जातांना टोपलींत निवाऱ्यांतल्याच त्याच्या अंथरुणाचा तुकडा मागून घालावा. ओळखीचा वास असला कीं प्रवासांत तें कमी ओरडतें. घरीं आल्यावर सगळ्यांनीं भोंवतीं जमूं नये. एक खोली ठरवावी. तींत पाणी, अन्न आणि वाळूची परात एकमेकांपासून दूर ठेवावी, टोपलीचें झांकण उघडावें आणि दार लोटून घ्यावें. पहिले दोन-तीन दिवस तें कपाटाखालीं बसून राहिलें तरी घाबरूं नये. पण सबंध एक दिवस त्यानें अन्नाला तोंड लावलें नाहीं तर पशुवैद्याला कळवावें. बहुधा रात्रीं, घर निजल्यावर, तें बाहेर येतें. सकाळीं वाटी रिकामी दिसते आणि परातींतली वाळू उकरलेली असते.